बारा भांड्यांचा आदाप्पा

आदाप्पाचं धोतर गुडघ्याखाली कायम चाळण झालेलं असायचं. नवं धोतर नेसला की आठ दिवसांत त्याला मोहरीएवढी भोकं पडायची, पंधरा दिवसांत वाटाण्याएवढी. नवखा माणूस त्याला भिकारीच समजायचा. मीही समजलो होतो, उगाच खोटं कशाला बोलू. जत तालुक्यातल्या त्या आडगावच्या दवाखान्यात मी कंपौंडर म्हणून रुजू झालो, त्या सकाळी हा गडी व्हरांड्यात उकिडवा बसला होता. मी त्याला म्हणालो, "बाबा, औषध दहा वाजता मिळतं."

"मला काय झालंय औषध घ्यायला?" तो म्हणाला. "मी हितला बॅटरीवाला हाय. तुमी नवं कंपौंडर न्हवं का? चपला हितं काडू नका, कुत्री नेत्यात."

हे आमचं पहिलं बोलणं. तेव्हापासून मी त्याला आदाप्पा म्हणायचो आणि तो मला कंपौंडर. माझं खरं नाव त्याला ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्या जिल्ह्यातल्या कोयनेची वीज कुठल्या कुठे मुंबईला जाऊन पोचली होती, आणि इथे या माळावर संध्याकाळी घराघरात चिमण्या पेटायच्या. दवाखाना सांगलीच्या एका ट्रस्टचा. डॉक्टरीणबाई एकट्या, दोन नर्सा, मी आणि आदाप्पा. अडलेल्या बाया बैलगाडीतून यायच्या, त्यांचं पोट उघडायची वेळ यायची. भूल द्यायला ईथर होतं. ईथर असलेल्या खोलीत कंदील, पेट्रोमॅक्स असलं काही न्यायचं नाही. ठिणगी पडली तर खोलीचा भडका. म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर विजेचाच दिवा लागायचा, आणि त्या दिव्याला वीज द्यायची ती आदाप्पाच्या बारा भांड्यांनी.

भांडी म्हणजे बॅटरीची. जाड काचेची, गुडघ्याएवढी उंच. आत शिशाचे पत्रे, त्यांच्यावर अॅसिड आणि पाणी. लाकडी मांडणीवर ओळीनं मांडलेली आणि तारांनी एकमेकांना जोडलेली. आठवड्यातून दोनदा इंजिन चालवून ती विजेनं भरायची, म्हणजे मग दिवे चालायचे. मी आपलं ऐकून होतो की बॅटरी म्हणजे एक डबा. इथे तर या माणसानं अख्खा गोठा सांभाळल्यासारखा कारभार मांडला होता. रोज सकाळी अंघोळ करून तो त्या खोलीत शिरायचा. काचेची नळी भांड्यात बुडवायची, वर अॅसिड ओढायचं, अॅसिड किती दाट ते आतल्या तरंगत्या काट्यावर बघायचं आणि वहीत लिहायचं. एक नंबर बाराशे दहा. दोन नंबर बाराशे पाच. सात नंबरची तब्येत नेहमी नाजूक असायची. "सात नंबरचं आज काय खरं न्हाई," हे तो डॉक्टरीणबाईंना अशा चेहऱ्यानं सांगायचा की बाई बिचाऱ्या पेशंट सोडून त्याचं ऐकायच्या.

"बॅटरी एकदम मरत न्हाई, कंपौंडर," तो म्हणायचा. "लय दिवस मरत ऱ्हाती. आपल्याला कळत न्हाई, कारण दिवा तवर लागतोयच की."

त्या खोलीत चप्पल नाही, विडी नाही, काडेपेटी खिशात ठेवूनसुद्धा जायचं नाही. भरताना भांड्यांतून जो वायू निघतो तो पेट घेतो. एकदा ट्रस्टचे एक मोठे गृहस्थ पाहणीला आले आणि सिगारेट ओढत सरळ आत निघाले. आदाप्पानं त्यांच्या तोंडातली सिगारेट काढली, दारातल्या सोड्याच्या बादलीत बुडवली आणि म्हणाला, "आता या साहेब." साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी दुसरीकडे बघून हसू दाबलं. मला वाटलं, याची आज नोकरी गेली. पण साहेब शहाणे निघाले, मुकाट्यानं आत गेले.

माणूस जैन. सांगलीकडचे आमचे जैन शेतकरी असतात तसा, बोलण्यात मधूनच कानडी हेल. दिवस मावळायच्या आत जेवायचा. वाटेतली मुंगी ओलांडून चालायचा. आणि काम मात्र हे असलं, कपडे आणि कातडी खाणाऱ्या अॅसिडचं. मी कधीतरी चिडवायचो, "आदाप्पा, तुझ्या अॅसिडात पडून किती माश्या मेल्या रे आज?" तो गंभीरपणे म्हणायचा, "झाकणं लावतो की मी." आणि खरंच लावायचा.

त्याच्या पावलांवर पांढरे चट्टे होते. ते कोयनेचे. तिथे प्रकल्पाच्या बॅटरीखोलीत तो कामाला होता. भूकंपाच्या पहाटे मांडण्या आडव्या झाल्या, भांडी फुटली आणि अॅसिड जमिनीवर पसरलं. आदाप्पा त्यातून अनवाणी गेला आणि उरलेल्या भांड्यांच्या तारा त्यानं सोडवल्या. का गेलास, असं मी विचारलं तर म्हणाला, "तारा एकमेकीला लागून आग लागली असती. दुसरं कोन हुतं तितं?" महिनाभर तो झोपून होता. मग त्याच्या बायकोनं, सुमतीवहिनीनं, हट्ट धरला की हलणाऱ्या जमिनीवर राहायचं नाही. म्हणून हे दोघं या माळावर आले. मूलबाळ नव्हतं.

सुमतीवहिनी बारीक अंगाची, धारदार बोलणारी बाई. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं बिऱ्हाड होतं. नवऱ्याच्या धोतरांना ठिगळं लावता लावता ती त्याचा उद्धार करायची आणि तो खाली बघून हसायचा. तिच्या घरात पाण्याचा केवढा सोपस्कार. विहिरीचं पाणी आणायचं, तीनपदरी फडक्यातून गाळायचं, फडक्यात अडकलेले जीव परत विहिरीत नेऊन सोडायचे, मग ते पाणी उकळायचं, निववायचं आणि झाकून ठेवायचं. न उकळलेल्या पाण्याला ती कच्चं पाणी म्हणायची. मी एकदा दवाखान्यातल्या माठातलं पाणी प्यालो तर म्हणाली, "भाऊ, तुमी शिकलेली मानसं आन कच्चं पानी पिता?" तिच्या लेखी जगात त्या उकळल्या-गाळल्या पाण्याहून निर्मळ काही नव्हतं.

आणि आदाप्पाची वही. त्या वहीपायी माझं आणि त्याचं एकदा वाजलं. तो दोन दिवस बस्तीच्या, म्हणजे त्यांच्या जैन मंदिराच्या, पूजेला गावाकडे गेला आणि आकडे घ्यायला मला सांगून गेला. मी दुसऱ्या दिवशी कंटाळा केला आणि आदल्या दिवशीचेच आकडे उतरवले. आल्यावर त्यानं पान बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काल ऊन वाडलंय, दिवा तासभर लागलाय, आन बाराच्या बारा भांडी जागची हलली न्हाईत?" एवढंच बोलला. मग तीन दिवस माझ्याशी शब्द नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "दिसतंय ते लिवायचं, कंपौंडर. न्हाई दिसलं तर न्हाई दिसलं म्हनून लिवायचं." मला राग आला होता. आकड्यांसाठी एवढा तोरा कशाला, असं मनात आलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पुढच्या उन्हाळ्यात तर माळ नुसता भाजून निघाला. विहिरी तळाला गेल्या आणि उरलं ते पाणी मचूळ झालं, जिभेला खारट लागायचं. माणशी दिवसाला एक घागर. आमच्याकडे डिस्टिल वॉटर काढायचं छोटं यंत्र होतं, पण ते चालवायला गार पाण्याची धार लागते. ती आणायची कुठून? ते पाणी मग मिरजेहून यायला लागलं, वेताच्या टोपलीत बसवलेल्या मोठ्या काचेच्या बुधल्यातून, एसटीच्या टपावर. उन्हानं भांड्यांतलं पाणी उडतं, अॅसिड उडत नाही. म्हणून वरून घालायचं ते निव्वळ पाणी, आणि तेही असं की ज्यात पाण्याखेरीज काही नाही.

त्याच उन्हाळ्यात आदाप्पाचा हर्निया अडकला. त्याला गाडीत घालून मिरजेला नेला. ऑपरेशन झालं, मग जखम चिघळली आणि चांगले दोन महिने तो तिथेच पडून राहिला. जाताना त्यानं बॅटरीखोलीची किल्ली बायकोच्या हातात दिली. माझ्या हातात दिली नाही, आणि मला त्याचं कारण ठाऊक होतं. "पत्र्यांवर बोटभर पानी असाया पायजे. उतरलं की बुदल्यातलं घालायचं," एवढं त्यानं तिला सांगितलं.

पंधरा-वीस दिवसांनी ती माझ्याकडे आली. "भाऊ, बुदल्यातलं पानी सपलं की."

"लिहितो आजच मिरजेला," मी म्हणालो.

लिहिलंही. पण त्या आठवड्यात दुष्काळी खडीच्या कामावर हगवण-ओकारी सुरू झाली, दिवसाला चाळीस-पन्नास माणसं दारात, आणि पत्र राहिलं माझ्या खिशात. सदरा धुवायला टाकताना सापडलं तेव्हा मी तिला विचारलं, "वहिनी, पाण्याचं काय झालं?" "झाली सोय," ती म्हणाली. मी सुटलो. कसली सोय, कुठून, हे मी विचारलं नाही. आजही मला त्या न विचारण्याची लाज वाटते, आणि ती जायची नाही.

आदाप्पा परत आला तो अर्धा होऊन. काठी टेकत पहिल्यांदा बॅटरीखोलीत गेला. तासाभरानं बाहेर आला तर चेहरा राखेसारखा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरांच्या डोळ्यांत घालतासा ते थेंब हायत का?" जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालतात, ते त्याला हवे होते. कोयनेला त्यांचा केमिस्ट त्या थेंबांनी अॅसिड तपासायचा, ते त्यानं बघितलं होतं. सात नंबरच्या भांड्यातलं थोडं अॅसिड त्यानं परीक्षानळीत घेतलं. मी थेंब टाकला. नळीत दही विरजल्यासारखं पांढरं धरलं. मग त्यानं एक नंबरचं घेतलं, चार नंबरचं घेतलं. बारा वेळा थेंब टाकला आणि बारा वेळा पांढरं झालं.

"मीठ," तो म्हणाला. "बाराच्या बारांत मीठ गेलंय. पत्रं खाल्लं जात्यात."

आम्ही मागच्या खोलीकडे गेलो. वहिनी तांदूळ निवडत बसली होती. त्यानं अगदी सहज विचारलं, "माझ्यामागं पानी कुटलं घातलंस गं?"

तिचा चेहरा उजळला. इतके दिवस सांगायचं राखून ठेवलेलं काहीतरी सांगावं तशी ती बोलली. "बुदला सपला. भाऊंच्या पत्राचं उत्तर काय आलं न्हाई. मग मी माझ्या वाटनीच्या घागरीतलं काडून ठेवत हुते. तीनदा गाळायची, चांगलं खळखळून उकळायची, परत गाळायची. चाळीस दिस घातलं. एक दिवस पत्रं उघडं पडू दिलं न्हाई."

उकळल्यानं जीवजंतू मरतात, मीठ जात नाही. उलट पाणी आटून मीठ घट्ट होतं. हे तिला कोण सांगणार? त्या उन्हाळ्यात माणसं घोटभर पाण्यासाठी भांडत होती, आणि ही बाई स्वतःच्या घशातलं काढून त्या भांड्यांना पाजत होती. आदाप्पा म्हणाला, "बरं केलंस."

बाहेर आल्यावर त्यानं माझं मनगट धरलं. "ह्यातलं एक अक्षर तिच्या कानावर गेलं न्हाई पायजे."

नवं अॅसिड आणि डिस्टिल वॉटर मागवायला त्यानं त्याच दिवशी माणूस सांगलीला पाठवला. भांडी रिकामी करायची, धुवायची आणि पुन्हा भरायची. दहा दिवसांनी, सोमवारी, सगळं येणार होतं. डॉक्टरीणबाईंना तो सांगून आला, "बाई, सोमवारपतूर चिरफाड घिऊ नका. मिरजेला पाठवा." का, ते सांगितलं नाही. इंजिन आधीच दुरुस्तीला गेलेलं होतं.

त्याच्या आदल्या शनिवारी दुपारी चारला खडीच्या कामावरून शेवंता नावाची बाई आली. बैलगाडीत, दोन दिवस अडलेली. मिरजेला पोचणं शक्य नव्हतं, हे मलासुद्धा दिसत होतं. बाहेर धुळीचं वादळ सुटलं होतं, म्हणून खिडक्या बंद. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आदाप्पा, किती वेळ देशील?"

"अर्धा तास. पुढचं सांगता येत न्हाई."

तो भांड्यांपाशी उभा राहिला. मी दारात होतो. आत दिवा पिवळा पडायला लागला की आदाप्पा खचलेलं भांडं तारेतून बाहेर काढायचा, उरलेली जोडायचा. हाताला अॅसिड लागत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. मूल निघालं, रडलं. मग आतून बाईंचा आवाज आला, "दिवा, आदाप्पा." रक्त कुठून येतंय ते त्यांना दिसत नव्हतं. नर्सनं टॉर्च धरला, मी धावत जाऊन खिडकी उघडली, धूळ आत शिरली. दिवा तारेएवढा लाल झाला आणि गेला. अर्ध्या तासाला चार मिनिटं कमी होती. शेवंता टेबलावरच गेली.

बाई नंतर म्हणाल्या की दिवा असता तरी ती वाचली असती असं छातीठोक सांगता येत नाही. पण त्या हे हळू आवाजात म्हणाल्या, आणि शेवंताचा नवरा बाहेर पोर मांडीवर घेऊन बसला होता.

ट्रस्टची माणसं येणार असं कळलं. भांड्यांतलं अॅसिड सांगलीला तपासायला गेलं होतं, मीठ निघणार हे उघड होतं. ती येणार त्या सकाळी आदाप्पा माझ्या औषधांच्या खोलीत वही घेऊन आला आणि माझीच दौत घेऊन लिहायला बसला. तो परत आल्यानंतरच्या आठ दिवसांतले आकडे त्यानं खोडले आणि बाजूला लिहिलं: डिस्टिल वॉटर संपले. विहिरीचे कच्चे पाणी घातले. चूक माझी.

"आदाप्पा, हे खोटं आहे," मी म्हणालो. "पत्र माझ्या खिशात राहिलं, मी सांगतो त्यांना."

"तुमी पत्राचं सांगितलं की ते इचारनार, मग पानी कुनी घातलं."

"वहिनींनी मुद्दाम केलं का? त्यांना कोण बोलेल?"

"कुनी बोलाया नगं. ती मुंगी मेली तर दोन दिस जेवत न्हाई, कंपौंडर. आपल्या पान्यानं बाई मेली हे कळलं तर ती जगायची न्हाई." मग त्यानं टाक पुसला. "आन मी तिला सांगितलं न्हवतं ना, मीठ कशानं जातं ते. सतरा वर्सं संसार केला, एकदा सांगायचं हुतं. म्हंजे चूक माझीच की."

मी गप्प बसलो. त्याच्यासाठी बसलो असं म्हणायला मला आवडेल. पण खरं सांगायचं तर माझीही नोकरी त्यात वाचत होती, आणि ते मला त्याच क्षणी कळलेलं होतं.

साहेबांनी वही वाचली. सिगारेटवाले तेच गृहस्थ. म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." आदाप्पानं मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. गावात तो दिसला की बाया पदर तोंडाला लावून काहीतरी पुटपुटायच्या. एका पोरानं त्याला दगड मारला. आठव्या दिवशी नवरा-बायको सामान बैलगाडीत घालून निघाले. वहिनी गाडीत त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

मी पुढे मिरजेला एका इस्पितळात लागलो. दोन वर्षांनी कळलं की आदाप्पा माधवनगरला आहे, एका नातेवाइकाच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये झाडलोट करतो. बॅटरीचं काम त्याला कुणी देईना. एका दुपारी मी गेलो. दोन खोल्यांचं घर, भिंतीपलीकडे माग खडाखडा चाललेले. पाच वाजायला आले होते, दिवस मावळायच्या आतलं जेवण म्हणून तो ताटावर बसला होता. धोतर धड होतं. त्या धड धोतरात तो मला ओळखू येईना.

वहिनीनं मला पाट दिला. बोलता बोलता म्हणाली, "ह्यास्नी मी अष्टमी-चतुर्दशीला निरंकार उपास कराय लावते, भाऊ. बस्तीत रोज माळ वडाय लावते. किती जन्म लागत्याल फेडाय, देवालाच ठाव. नुस्त्या आळसापायी बाईचा जीव घेतला मानसानं."

आदाप्पा भात कालवत होता.

"मी घातलंच न्हवतं का पानी?" तिचा आवाज चढला. "चाळीस दिस घातलं. माझ्या तोंडचं काडून, गाळून, उकळून. आन ह्यांनी आल्या आल्या कच्चं वतलं. आठ दिसांत इस्कोट. तुमी हुता की तितं, तुमीच सांगा. माझ्या चाळीस दिसांत एक तरी दिवा इझला का?"

आदाप्पानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. ट्रस्टच्या माणसांसमोर तो घाबरला नव्हता, दगड लागला तेव्हा घाबरला नव्हता. आता घाबरला होता.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "तुमच्या पाण्यानं एकही दिवा विझला नाही."

"ऐकलं न्हवं?" ती त्याला म्हणाली.

"ऐकलं," आदाप्पा म्हणाला, आणि खाली बघून जेवायला लागला.